हमीदचाचा आणि चौथं कडवं

हमीदचाचा नसते, तर आज सुरतेच्या या मोठ्या दवाखान्यात काचेमागे बसून माइकवर पेशंटांची नावं पुकारायला मी नसते. आठवीत शाळा सुटलेली, चारचौघांत मान वर न करणारी पोरगी मी. मला बोलतं केलं ते दर्यापूरच्या हमीदचाचांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात चूक माझी आहे आणि नाव त्यांचं खराब झालं आहे.

चाचांचा लाऊडस्पीकरचा धंदा. बसस्टँडमागे एक अरुंद, लांबट दुकान, त्यात भोंगे, मशिनी आणि वायरींची भेंडोळी. लग्न असो, उरूस असो, भजनाचा सप्ताह असो, आवाज चाचांचा. पण कार्यक्रम सुरू झाला की मशिनीजवळ ते कधी सापडायचे नाहीत. चपला हातात घ्यायचे आणि वाकून, माणसांच्या कडेकडेने थेट सगळ्यांच्या मागे जाऊन बसायचे. तिथे एखादी म्हातारी मांडीवर नातू घेऊन बसलेली असायची. तिच्या शेजारी पाच मिनिटं डोळे मिटून बसायचे, परत येऊन एखादं बटण केसभर फिरवायचे, की पुन्हा मागे. "पुढच्याले त बिना मशिनीचंही आयकू येते," म्हणायचे. "मागच्या बाईले नाही पोचलं, त आपण इथं कायले आलो?"

मी तेव्हा त्यांच्या दुकानासमोरच्या पिठाच्या गिरणीत कामाला होते. वय वीस-एकवीस. दळण झालं की ज्याचा डबा त्याचं नाव पुकारायचं, एवढंच बोलणं दिवसभरात. एक दिवस चाचा स्वतःचा डबा घ्यायला आले आणि मालकाला म्हणाले, "ही पोरगी मले देऊन टाक." मालक हसला, "काहून? तुमच्याकडे काय दळाचं आहे?" चाचा म्हणाले, "अरे, तुही गिरणी चालू असताना हिनं घेतलेलं नाव मले रस्त्याच्या पलीकडं साफ आयकू येते. अन् वरडत नाही ते. बोलते."

तोवर माझ्या आवाजाबद्दल कोणी बरं बोललं नव्हतं. घरी तर "हळू बोल" एवढंच.

दुकानात पहिल्या दिवशी चाचांनी माइक हातात दिला. दोन्ही हातांनी माइक धरून मी ओरडले. चाचांनी कानावर हात ठेवले. "शोभाबाई, हा बहिरा नाही जी. याच्या कानात सांगा, हा गावाले सांगते." पहिले काही महिने ते मला 'शोभाबाई'च म्हणत. गावातली पोरं गंमत करायची, पण चाचांनी बाई म्हटल्यावर दुकानात येणाऱ्याला मला 'ए पोरी' म्हणता येईना. 'बेटा' हा शब्द त्यांनी फार नंतर, आणि मोजकाच वापरला.

ती वर्षं वऱ्हाडात कास्तकाराची वाईट वर्षं होती. लग्नं मंडपाऐवजी देवळात उरकायची, सप्ताह तीन दिवसांवर आले होते. दुकान चालायचं ते जाहिरातींवर. मृगाच्या आधी बियाणांचे दुकानदार जीप घेऊन यायचे, मी कॅसेटवर जाहिरात बोलायची आणि ती जीप गावोगाव फिरायची. एकदा एकाने कागद आणला, त्यावर लिहिलेलं, 'हमखास दुप्पट उतारा'. चाचांनी पेन काढलं आणि 'हमखास' खोडलं, 'दुप्पट' खोडलं.

"मंग राहिलं काय?" दुकानदार म्हणाला.

"बियाण्याचं नाव राहिलं, तुमचा पत्ता राहिला. ढगानं ज्याची खात्री नाही दिली, ते मी भोंग्यातून कशी देऊ? उद्या लोक माह्या भोंग्याले दगड मारतीन."

दुकानदार दुसरीकडे गेला. चार दिवसांनी खोडलेला कागद घेऊन परत आला. "आवाज या बाईचाच पायजे," म्हणाला. चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दहावी पास झाले होते.

आता नथ्थूबुवांबद्दल सांगायला हवं. बुवा तेल्हाऱ्याकडचे, खंजिरी भजन गाणारे. त्यांना ऐकलं नाही अशा माणसाला तो आवाज कसा सांगावा, मला कळत नाही. गोड नव्हता. खरखरीत होता, घोंगडीसारखा. पण बुवांनी खंजिरीवर थाप मारून पहिली ओळ टाकली, की रडत्या लेकराला थोपटणारा हातसुद्धा थांबायचा. परतवाड्यापासून अकोल्यापर्यंत त्यांची माणसं होती. बुवा कुठे गाणार हे त्यांना वाऱ्यावर कळायचं. चाचा त्यांच्यातले पहिले. बुवांचा कार्यक्रम असला की भोंगे चाचांचेच, आणि प्रत्येक वेळी मशिनीतून एक कॅसेट भरून घ्यायचे. कोणी चिडवलं, "चाचा, तुमी अन् भजन?" तर म्हणायचे, "बुवा गातात तवा मी हमीद नसतो. मी कान असतो."

एका वर्षी पौषातल्या दुपारी दर्यापूरच्या बाजाराच्या आवारात बुवा शेवटचे गायले. तब्येत ढासळली होती, दोघांनी धरून आणलं. त्या दिवशी त्यांनी एक नवं पद म्हटलं, चार कडव्यांचं. 'बोलून राहिली माती, कोणी थांबून आयका जी' अशी त्याची सुरुवात. आधी कोणी ते ऐकलं नव्हतं, पुढे बुवा कुठे गायले नाहीत. ते पद जगात एकाच ठिकाणी होतं: चाचांच्या कॅसेटवर. त्यावर पुन्हा काही भरलं जाऊ नये म्हणून चाचांनी कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची पट्टी स्वतः तोडली होती.

आणि मी त्यावर बियाणं भरलं.

कसं झालं ते सांगते. चाचा कॅसेटवर उर्दूत लिहायचे. मला उर्दू येत नाही. मी जागेवरून ओळखायची: वरच्या फळीवर बुवा, खालच्या फळीवर पुन्हा भरायच्या जुन्या. ईदच्या आधी दुकानाला रंग दिला, तेव्हा फळ्या रिकाम्या करून पुन्हा लावल्या होत्या, त्यात वरचं खाली झालं होतं. चाचा अमरावतीला गेलेले, दारात जीप उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिलेला. मी खालच्या फळीवरची कॅसेट घेतली. पट्टी तुटलेली दिसली. तशा कॅसेटचं भोक चिकटपट्टीने बुजवलं की पुन्हा भरता येतं, हे मला चाचांनीच शिकवलेलं. बुजवलं, आणि वीस मिनिटं खणखणीत आवाजात जाहिरात बोलले.

संध्याकाळी जीप परत आली. कॅसेट तपासताना जाहिरात संपली आणि पाठोपाठ बुवांचा आवाज आला, "पाणी द्या जी थोडं." पद संपल्यावर त्यांनी पाणी मागितलं होतं. तेवढंच उरलं होतं. मी चिकटपट्टी काढली आणि कॅसेट वरच्या फळीवर ठेवली. उद्या सांगू, म्हटलं. मग परवा. असे तीन आठवडे गेले. चाचा समोर जेवायला बसले की मला घास गिळवत नसे. "पोट दुखते का?" ते विचारायचे. मी हो म्हणायची.

आणि एका सकाळी तेल्हाऱ्याहून फोन आला, बुवा गेले.

त्या दिवशी बसस्टँडवरच्या चहावाल्याने रेडिओ लावला नाही. देशमुख मास्तर म्हणून परतवाड्याचे एक रिटायर शिक्षक होते, बुवांच्या पदांच्या वह्या करून ठेवणारे. ते दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन दुकानात आले आणि तो टेबलावर आपटला. "बुवाले चार ओळी! अन् बाजूले टायरची जाहिरात पहा केवढी!" तेल्हाऱ्याचे किसनभाऊ न्हावी मिशी काढून आले. ओळखूच येईनात. "बाप मेला तवा नव्हती काढली," म्हणाले, "आज आपोआप हात गेला." सगळ्यांचं एकच मागणं होतं, ते शेवटचं पद ऐकायचं. चाचांनी तिसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ दिली.

तिसऱ्या दिवशी वाफसा होता. रात्रीचा पाऊस जिरून जमीन पेरणीला आलेली, असा दिवस कास्तकार कोणासाठी सोडत नाही. तरी शे-सव्वाशे माणसं दुकानापुढे जमली. कोणाच्या पायांना तशीच काळी माती. अकोल्याचा एक एसटी कंडक्टर खाकी कपड्यांतच आलेला. बाया मागे, कडुनिंबाखाली. चाचांनी धुवट पांढरा सदरा घातला होता.

"चाचा, मले काही सांगाचं होतं," मी म्हटलं.

"बाद में, बेटा. आधी हे वायर धर."

मी वायर धरली. चाचांनी कॅसेट घातली, बटण दाबलं, चपला हातात घेतल्या आणि मागे निघाले. आणि कडुनिंबावरच्या दोन्ही भोंग्यांतून माझा आवाज आला: "कास्तकार बंधूंनो! आपल्या दर्यापुरात आलं आहे..."

चाचा जागीच थांबले. वळून त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मग सावकाश येऊन मशीन बंद केलं.

"हे काय व्हय, चाचा?" किसनभाऊंनी विचारलं.

"हा त या पोरीचा आवाज आहे!" मागून कोणीतरी ओरडलं.

"तिचाच आहे," चाचा म्हणाले. "कॅसेट म्या देल्ली तिले. रिकामी आहे, भर म्हणलं. तिले उर्दू येते का? माह्या हातून झालं."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण आवाज आला नाही.

देशमुख मास्तर पुढे आले. "हमीद, तू बुवाच्या आवाजावर बियाणं पेरलं!"

"पेरलं," चाचा म्हणाले. "आता मले भोंग्यासंग झाडाले टांगता का?" मग त्यांनी सगळ्यांवर नजर फिरवली. "अन् तुमी? त्या दिवशी इथंच होते ना सारे? कोनाच्याच डोक्यात काही उरलं नाही? मंग मी भोंगे कोनासाठी लावले होते, कावळ्यांसाठी?"

मग किसनभाऊंनी डोळे पुसत पहिलं कडवं धरलं. मास्तर खेकसले, "चुकून राहिला तू, 'थांबून' आधी आहे!" कंडक्टर म्हणाला, "मास्तर, तुमी वही पाहून राहिले होते तवा, मी बुवाकडं पाहून राहिलो होतो." भांडता भांडता पहिलं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याशी सगळे अडले. तेव्हा कडुनिंबाखालच्या दोन बायांनी ते सरळ म्हणून दाखवलं, एकही शब्द न अडखळता. पुरुष माना वळवून बघत राहिले.

चौथं मात्र कोणालाच येईना. मास्तर चाचांना म्हणाले, "तू तरी आठव." चाचा म्हणाले, "मी शब्द कधी आयकलेच नाही जी. आवाज फाटून राहिला का, तेवढंच पायत होतो." मग खंजिरी घेऊन आलेल्यांकडे वळले. "चौथं बुवा संग घेऊन गेले. तिथं नुसती खंजिरी वाजवा."

तसंच केलं. एका कडव्याएवढा वेळ फक्त खंजिरी वाजली आणि सव्वाशे माणसं उभी राहिली. आजही वऱ्हाडातली मंडळं ते पद तसंच म्हणतात: तीन कडवी, आणि चौथ्याच्या जागी नुसती खंजिरी. नव्या पोरांना वाटतं, बुवांनीच तसं बांधलं असेल.

माणसं गेल्यावर चाचांनी कॅसेट पुढे पळवली. "पाणी द्या जी थोडं," बुवा म्हणाले. चाचांनी ते तीन वेळा ऐकलं. मी रडत म्हटलं, "तुमी काहून घेतलं आपल्यावर?"

"तुले उद्या माइकवर बोलाचं आहे," ते म्हणाले. "आज या लोकायनं तुले तोडलं असतं, त तुहा आवाज पुन्हा उठला नसता. माह्यं काय, मी वायर ओढणारा मानूस. शिव्या खाल्ल्यानं वायर तुटते का?" मग म्हणाले, "पन तीन हप्ते पोट दुखवून घेतलं. ते चुकलं तुह्यं. पह्यल्या दिवशी सांगाचं होतं."

त्याची किंमत त्यांनी मोजली. भजनी मंडळांनी त्या वर्षी भोंगे दुसऱ्याकडून नेले, आणि पुढेही. बसस्टँडवर त्यांना 'बियाणेवाले चाचा' म्हणू लागले. चाचा हसायचे. मी रोज ठरवायची, आज चौकात सांगते, आणि रोज गप्प बसायची. पुढे त्यांच्या साडूच्या मुलाकडून या दवाखान्यातल्या जागेचं कळलं. मी नको म्हणत होते. त्यांनीच मला गाडीत बसवून दिलं. खिडकीशी येऊन म्हणाले, "तिथं कोनी वरडलं त वरडू दे. तू सांगूनच राहजो."

इथे येऊन मला अकरा वर्षं झाली. घाबरट मी अजून आहे. पुकारायच्या आधी प्रत्येक नाव दोनदा वाचते. पण बोलते. चाचा आता थकले, दुकान पुतण्या बघतो, कान गेले आहेत. मास्तर ऐंशीच्या पुढे आहेत. किसनभाऊंचे हात कापतात. थांबून चालणार नाही.

बुवांच्या पुण्यतिथीला सगळी मंडळं तेल्हाऱ्याला जमतात. रजेचा अर्ज मी काल दिला. आधी दर्यापूरला उतरेन, चाचांना गाडीत बसवून सोबत नेईन आणि सगळ्यांपुढे उभी राहून सांगेन, की कॅसेट त्यांनी दिली नव्हती, मीच घेतली होती. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. चाचा, माझ्या तोंडानं तुमचं नाव गेलं. माझ्याच तोंडानं ते तुम्हाला परत देईन.