गोळी चुकली नव्हती

सत्कारासाठी माझ्याकडे आलेलं सामान: शाल एक, साडेसहाशे. पितळी निरांजन, चारशे. नारळ, चाळीस. हार त्याच दिवशी आणू, आधी आणून सुकवायचा नाही. डॉ. सफिया मुकादम यांची पंचाहत्तरी असली तरी खर्च किती झाला हे त्या आधी विचारतील, म्हणून सांगून टाकलं.

बाईंची ओळख झाली ती भांडणात. आमच्या ह्यांना एचआयव्ही आहे. औषध सुरू होतं, तरी रक्तातला विषाणू हटेना. पनवेलच्या एका केंद्रावर समुपदेशक हसून म्हणाले, "काकी, गोळ्या तुळशीला घालता काय?"

"मी गोळी नाय चुकवली, बाय," असं हे मला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. रोडपालीची नणंदही चारचौघांत त्यांनाच बोल लावून गेली होती. कोणी विश्वासच ठेवला नाही, तर चिडून औषध सोडतील, ही मला धास्ती. मी आवाज चढवला, तशा बाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या.

"गोळी कधी देता?"

"सांजवात लावली की लगेच."

"आणि सुतक आलं तर?"

"दिवा शेजारीण लावते. गोळी माझ्याच हातची. गोळीला कसलं सुतक?"

बाई समुपदेशकांकडे वळल्या. "माणसाची झडती पुरे झाली. आता विषाणूची घ्या."

मग त्यांनी आम्हांला समजावलं. हा विषाणू स्वतःच्या नकला काढत सुटतो, आणि नक्कल करताना त्यात बारीकसारीक बदल होतात. एखादा बदल असा असतो, की ठरावीक औषध त्याला लागूच पडत नाही. तसला विषाणू पहिल्यापासूनच अंगात आला असेल, तर रोग्याचा काय गुन्हा? विषाणूच्या जनुकांच्या तपासणीसाठी बाईंनी वरच्या साहेबांकडे खेटे घातले. बाईंचंच खरं निघालं. औषध बदललं आणि विषाणू दबला. आज हे पहाटे करंज्याच्या बंदरावर जाऊन मासळी आणतात, विकतात.

ह्यांना विचारून बाई रोडपालीलाही गेल्या. नणंदेला म्हणाल्या, "तुमच्या भावाची चूक नव्हती. हे चारचौघांत सांगा, जसं आधी सांगितलंत." नणंदेने सांगितलं.

आता ह्या गौरव अंकाचं संपादक मंडळ म्हणतं, लेखाखाली 'एक कृतज्ञ भगिनी' एवढंच घालू. ह्यांना विचारलं. म्हणाले, "नाव घाल. आमी काय चोरी केली हाय?"

बाईंना देव उदंड आयुष्य देवो, गुडघे धड ठेवो आणि आवाज असाच खणखणीत राहू दे. संपादकांनो, नाव छापायचं नसेल तर लेखही छापू नका. काय ते उलटटपाली कळवा.

सौ. वत्सला हरिश्चंद्र घरत, पनवेल