सव्वादहाची पिंपळकोंड गाडी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आणि खरं सांगायचं तर वाचून हसत आले आहे. घाटात लिफ्ट मागणारी बाई, आरशात दिसणारं तोंड... कशेडी घाटाच्या असल्या गोष्टी मला ड्रायव्हर लोकांनी चहा पिता पिता कितीतरी वेळा ऐकवल्या. मी म्हणायचे, "झोप पुरी होत नाही तुमची, दुसरं काही नाही." माझा विश्वास नव्हता. आजही भूतबीत मी मानत नाही. पण माझ्या बाबतीत जे घडलं त्याला काय म्हणायचं, ते तीन वर्षांत मला कळलेलं नाही.

मी महाडला राहते. तेव्हा पोलादपूरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते - म्हणजे गाडी लागली की माईकवरून सांगायचं, गाड्यांच्या वेळा रजिस्टरला लिहायच्या, आणि उशीर झाला की लोकांच्या शिव्या खायच्या. अकरा वर्षं तिथे होते. बाई नियंत्रक मी एकटीच, त्यामुळे माझा आवाज सगळ्या तालुक्याला पाठ. बाजारात भाव विचारायला तोंड उघडलं की भाजीवाली म्हणायची, "अगो, ह्या तर स्टँडवरच्या बाय!"

पिंपळकोंड हे माझं माहेर. पोलादपूरहून वर डोंगरात, गाडीने पाऊण तास. तिथे माझा धाकटा भाऊ प्रकाश, त्याची बायको सुनंदा आणि आमची आई. प्रकाशची शेती होती, आणि सुगी संपली की तो गवंडीकाम करायचा. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याला मीच अंगाखांद्यावर खेळवलेलं.

डिसेंबर होता. थंडी पडायच्या दिवसांत समुद्रात काहीतरी कमी दाबाचं झालं आणि दोन दिवस अवकाळी लागला. सकाळी फोनवर यलो अलर्ट आला - घाटभागात दाट धुकं, मध्यम ते जोरदार पाऊस, वाहनचालकांनी काळजी घ्यावी. आता आमच्याकडे जुलैत एक दिवसाआड रेड अलर्ट असतो. लोक तो वाचतात, हात जोडल्याचं चित्र टाकतात आणि कामाला जातात. तिथे डिसेंबरातल्या यलोला कोण विचारतो? मीसुद्धा तो मेसेज दोन ग्रुपवर पुढे ढकलला आणि डबा भरायला घेतला.

पिंपळकोंडच्या रस्त्यावर तिसऱ्या वळणाला, रस्ता रुंद करायचा म्हणून, डोंगर उभा कापलेला होता. सबंध पावसाळा तो जागचा हलला नाही, म्हणून सगळे निर्धास्त.

त्या दिवशी प्रकाश आणि सुनंदा सकाळीच खाली आले होते. कापलेल्या भाताच्या भाऱ्यांची रचलेली उडवी अंगणात उघडी, झोडणी व्हायची होती, आणि वरून पाऊस. प्रकाशने मोठी ताडपत्री घेतली आणि मोटरसायकलच्या मागे बांधली. त्यामुळे सुनंदाला बसायला जागा उरली नाही. ती सव्वादहाच्या गाडीने येणार असं ठरलं. ती गाडीत जाऊन बसलीसुद्धा. गाडीत वीस-पंचवीस माणसं असतील.

दहा वाजून गेले होते. प्रकाश मला आईच्या हातचे पोहे द्यायला स्टँडच्या मागच्या बाजूला आला. तिथे पाण्याची टाकी आहे, तिच्या आडोशाला आम्ही दोघंच उभे. धुकं एवढं की समोरची भिंत पुसट दिसत होती. मी डबा उघडून एक घास तोंडात घातला होता.

आणि कर्ण्यातून आवाज आला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पिंपळकोंडला जाणारी सव्वादहाची गाडी रद्द करण्यात आली आहे. कोणीही वर जाऊ नये. कोणीही वर जाऊ नये."

आवाज माझा होता.

माझ्यासारखा नाही - माझाच. 'कृपया'नंतर मी थोडं थांबते, तसं थांबून. माझ्या तोंडात पोहे होते, ते गिळायचंसुद्धा मला सुचेना.

प्रकाशने आधी माझ्याकडे बघितलं, मग वर कर्ण्याकडे. हसायला लागला. "ताय, तू हितं नि आवाज तिथं? टेप लावून ठेवलीस काय गो?"

"टेप कुठली रे इथे?" मी म्हणाले. खरंच नव्हती. एक जुना माईक आणि एक खोका, एवढंच सामान होतं आमच्याकडे.

"मंग काय, रस्ता बंद झाला काय?"

"अरे नाही. ऑर्डर आली असती तर मला फोन आला असता." मला आता राग यायला लागला होता. कोणीतरी केबिनमध्ये घुसून थट्टा करतंय, आणि बोलणी मला बसणार! "बघते मी कोण आहे ते."

"मी जाऊ का पण? उडवी भिजतेय सगळी. आयने कवाचे दोन फोन केलेत."

आणि मी म्हणाले, "जा. रस्ता चालू आहे. हळू जा, धुकं आहे."

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

तो गेला. मी केबिनकडे धावले. आत कोणी नव्हतं. माईकचं बटण बंद, त्यावर मी सकाळी टाकलेलं फडकं तसंच. समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. मी विचारलं, "मावशी, आत कोण आलं होतं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "कोण येतंय? तुमीच व्हतात की. पाठमोऱ्या बघितलं मी तुमाला."

तोपर्यंत गाडीतून माणसं उतरायला लागली होती. ड्रायव्हर जाधव खिडकीशी आला. "बाई, कॅन्सल का? थंडीत कधी गाडी कॅन्सल होते का?"

मी माईक हातात घेतला. 'गाडी जाणार आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण म्हातारीचे डोळे माझ्यावर, जाधवचे माझ्यावर... मी काय सांगणार होते? की मघाशी बोलले ती मी नव्हते? लोक वेड्यात काढतील, या एका भीतीपायी मी माईक खाली ठेवला. म्हणाले, "थोडा वेळ थांबा. चौकशी करते."

कोणाला वाटेल मला आतून काही जाणवलं. काही जाणवलं नाही. मला फक्त लाज वाटत होती.

पावणेअकराला तिसऱ्या वळणावर डोंगर खाली आला. वरच्या वाडीतल्या लोकांनी आवाज ऐकला. सव्वादहाची गाडी वेळेवर सुटली असती तर त्याच सुमारास तिथे असती. नेमकी सापडलीच असती, असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. पण लोकांनी तसं ठरवून टाकलं.

प्रकाश पेट्रोलसाठी पंपावर थांबला होता. तिथे रांग होती. सरळ गेला असता तर निघून गेला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. आधी ताडपत्रीचं निळं टोक दिसलं, असं पोरांनी सांगितलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते मला दरडीपेक्षा भयंकर वाटतं. आधी वरून चौकशी आली - गाडी कोणाच्या सांगण्यावरून रद्द केली? मी लेखी दिलं, 'सदर घोषणा मी केलेली नाही.' आलेल्या साहेबांनी कागद वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला. वाईट माणूस नव्हता तो. "बाई, तुमच्यावर दुःख कोसळलंय, मला कळतं. पण पंचवीस माणसं वाचलीत. हे असलं लिहून का अडचणीत येता? लिहा की, हवामानाचा इशारा बघून प्रवाशांच्या सुरक्षेसाठी निर्णय घेतला."

मी तसं लिहिलं. खाली सही केली. भावाच्या दहाव्यालाही चार दिवस होते.

मग सत्कार. पिंपळकोंडच्या शाळेत. मी नको नको म्हणत होते, पण गाडीत बसलेली माणसं घरी येऊन पाया पडली. त्यांना नाही कसं म्हणणार? शाल, श्रीफळ, हार. सरपंच बोलले, "बाईंनी स्वतःचं दुःख बाजूला ठेवलं." मी खुर्चीत बसून टाळ्या ऐकत होते. नारळ हातात घेतला आणि समोर बघितलं, तर सुनंदा उभी. ती त्या गाडीतून उतरलेली. ती घोषणा तिने स्वतःच्या कानांनी ऐकलेली.

तिने आवाज चढवला नाही. "वन्सं," म्हणाली, "साऱ्या गावाला थांबवलंत. सख्ख्या भावाला तेवढं नाय थांबवता आलं?"

कोणीतरी तिला धरून बाहेर नेलं. कार्यक्रम पुढे चालू राहिला.

लोकांनी मला बरीच स्पष्टीकरणं दिली. महाडचे डॉक्टर म्हणाले, धक्क्याने आठवणी उलटसुलट होतात. घोषणा तुम्हीच केली असणार आणि टाकीपाशी नंतर गेला असाल. मी ते मानायलाही तयार झाले असते. पण मग प्रकाश 'टेप लावलीस काय' असं कोणाला म्हणाला? माझं तोंड बंद असताना माझा आवाज ऐकणारा तो एकटाच साक्षीदार, आणि त्यालाच मी... असो. माझ्या मुलाने माईकचा खोका उघडून बघितला. आत तारा आणि झुरळं.

मी बदली मागून घेतली. आता टेबलावर काम करते, माईक नाही.

गेल्या महिन्यात मी माहेरी गेले. आई आता कोणाला ओळखत नाही, तिला बघायला. सुनंदा मागच्या दारी भांडी घासत होती. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. आवाज, पाण्याची टाकी, बाकावरची म्हातारी, साहेबांनी बदलायला लावलेला कागद. मी 'जा' म्हणाले तेही.

ती ऐकत होती. हात थांबले नाहीत तिचे.

मग म्हणाली, "शाळेत तुमाला बोलले खरं, पण मागनं मला वाटत व्हतं, त्यांनीच ऐकलं नाय तुमचं. तीन वर्षं मी त्यांनाच शिव्या घालत व्हते मनात. उडवीपायी जीव घातला म्हणून."

तिने हातातलं पातेलं विसळून पालथं घातलं.

"ऐकलं की त्यांनी," ती म्हणाली. "तुमचं ऐकूनच गेले ते."

तिने भांडी उचलली आणि आत गेली. दार लोटून घेतलं. मी अर्धा तास तिथे बसले, मग खाली जाणारी गाडी पकडली.

तो आवाज कोणाचा होता, कुठून आला, मला माहीत नाही. देवाचा होता असं गावात म्हणतात. असेल तर त्याने माझा गळा का घेतला आणि एवढी माणसं वाचवताना एकाचं नाव घ्यायला तो का विसरला, हे मला त्याला विचारायचं आहे. वाचकांपैकी कोणाला काही सांगता आलं तर जरूर सांगा. फक्त 'तुमच्यामुळे माणसं वाचली' असं लिहू नका. ते ऐकून झालं आहे.