सांधेवाले पैलवान

आमच्या चौघांकडे पैलवान कमी आणि पैलवानांचे किस्से जास्त, असं माझी बायको म्हणते. खरंच आहे ते. पैलवान पैसे मोजून आणावे लागायचे, किस्से फुकटात घरी चालत यायचे. कपाट भरलं की पैलवान ट्रंकेत जायचे, किस्से मात्र कुठेही मावायचे. लग्नाच्या पंगतीत मावायचे आणि मयताहून परतणाऱ्या जीपमध्येही मावायचे.

पैलवान म्हणजे हाडामांसाचे नव्हेत. नव्वदच्या दशकात शहापुरात केबल आली आणि केबलवरून अमेरिकेतली कुस्ती आली. चकचकीत चड्डी, खांद्यावर सोनेरी पट्टा, केस बायकांसारखे. त्या पैलवानांचे वीतभर प्लॅस्टिकचे पुतळे बाजारात मिळायचे. शाळेतली पोरं दोन सुट्ट्यांत ते विसरली. आम्ही चार मोठे बाप्ये मात्र अडकलो ते अडकलोच.

मी फोटो स्टुडिओवाला, शहापूरचा. मला पैलवानाचा चेहरा हुबेहूब हवा, बाकी काही नको. देसले सर मुरबाडला गणित शिकवायचे. त्यांना अखंड रबरी पैलवान लागायचा, एकही सांधा नको. "गुडघ्याला बिजागरी दिसली की तो मला पैलवान वाटत नाही, दरवाजा वाटतो," असं ते म्हणायचे. जना वैशाखऱ्याचा, माळशेजच्या रस्त्यावर जीप चालवायचा. त्याचं मागणं एकच, मान हलली पाहिजे.

आणि चौथा पंढरी, किन्हवलीचा. घरची भातशेती आणि आसनगावच्या एका कारखान्यात शिफ्ट. त्याला सगळं वळणारा पैलवान हवा. मान, खांदा, कोपर, कंबर, गुडघा, सगळं. "वळत नाय तं पैलवान कसला? खुंटीच ती."

पंढरीचं लग्न जमत नव्हतं. नोकरी होती, शेत होतं, दिसायलाही बरा होता. पण स्थळ आलं की पाठोपाठ बातमी जायची, मुलगा बाहुल्या खेळतो. मग तिकडून निरोप यायचा, यंदा कर्तव्य नाही. त्याची आई, म्हणजे आम्हा सगळ्यांची काकी, त्याच्या पैलवानांच्या ट्रंकेकडे सवतीकडे बघावं तशी बघायची.

०

माझ्या स्टुडिओच्या काचेत नवरानवरीचे, बारशाचे आणि षष्ठ्यब्दीचे फोटो लावलेले असायचे. एकदा मी माझ्या लाडक्या पैलवानाचा मागे निळा पडदा लावून झकास फोटो काढला आणि हौसेने मोठा करून मधोमध टांगला. उघड्या अंगाने, खाली फक्त तांबडी चड्डी.

सापगावचा एक म्हातारा पासपोर्ट फोटोसाठी आला होता. काचेसमोर बराच वेळ उभा राहिला.

"ह्यो कुठला?"

"अमेरिकेचा, बाबा."

"आवणी चाललेली दिसते त्यांच्याकडं."

आमच्याकडे भाताची रोपं लावताना माणूस चिखलात लंगोटीवरच असतो. मी तो फोटो उतरवला नाही, पण त्यानंतर मला त्याच्या पायांना चिखल नसल्याचं जाणवायला लागलं.

०

जनाने आपला पैलवान जीपच्या डॅशबोर्डावर चिकटवला होता. खड्डा आला की पैलवानाची मान वरखाली व्हायची, आणि आमच्या रस्त्यावर खड्डा येत नसे असं नव्हतं.

एकदा पुढच्या सीटवर मुरबाडहून एक आजोबा बसले. घरात भावाभावांत वाटणीवरून वाजलं होतं. आजोबांनी जनाला सगळं सांगायला सुरुवात केली. जनाचं लक्ष समोरच्या ट्रककडे. मग आजोबा पैलवानाला सांगायला लागले. पैलवान प्रत्येक वाक्याला हो म्हणत होता.

वैशाखऱ्याला उतरताना आजोबांनी जनाला भाडं दिलं आणि पैलवानाकडे बोट दाखवून म्हणाले, "तुझ्यापरीस ह्यो बरा. ऐकून तरी घेतो."

पुढच्या खेपेला त्यांनी शोधून तीच जीप पकडली. जना म्हणतो, वाटणी शेवटी पैलवानानेच करून दिली.

०

आता पंढरीच्या उजव्याचा किस्सा.

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत घोंगड्यांच्या आणि बैलांच्या घंटांच्या मध्ये एक खेळण्यांचं दुकान लागलं होतं. तिथे कॉपी माल. एकाच साच्यातून काढलेले पैलवान, नुसता चड्डीचा रंग वेगळा. सर म्हणाले, "चला पुढे." पण पंढरी बैल घेताना बघावं तसा एकेकाचे सांधे वळवून बघत बसला. शेवटी एक त्याला पसंत पडला. कारखान्यात कुणाची तरी चूक होऊन त्याला दोन्ही हात उजवेच बसले होते.

पंढरी म्हणाला, "असा दुसरा कोनाकडं नाय गावायचा." त्याचं नावच आम्ही उजव्या ठेवलं. पंढरीने कौतुकाने घरी जाऊन काकीला दाखवला. काकीने तो लांबूनच निरखला.

"दोनी हात उजवे?"

"हो ना. भारी हाय ना?"

"जेवल बाबा चांगला," काकी म्हणाली. "पन धुवल कशानं?"

०

उजव्याचा एक दोष होता. त्याचे गुडघे वळत नव्हते. ताठ सांधा गरम पाण्यात सोडला की मऊ पडतो, हे पंढरीला माहीत होतं. घरात तांदळाच्या भाकरीची उकड काढायला काकीने चुलीवर पाणी ठेवलं होतं. काकी लाकडं आणायला मागे गेली. पंढरीने मिनिटभरासाठी म्हणून उजव्याला त्या पाण्यात सोडला. तेवढ्यात पुढच्या दारी कुणीतरी हाक मारली, आणि पंढरी बोलत बसला.

काकी आली. तिने वाफेत न बघताच पाण्यात पीठ घातलं आणि उलथन्याने ढवळायला घेतलं. काहीतरी लागलं. तिने ते वर काढलं, तर गळ्यापर्यंत उकड माखलेला पैलवान, दोन्ही उजवे हात वर करून.

काकी ओरडली नाही. तिने ताट घेतलं, त्यात उजव्याला आडवा ठेवला आणि ताट पंढरीपुढे सरकवलं.

"घे. तुझाच हाय, तूच खा."

मग ती चुलीपुढे बसून रडली. हे पंढरीने आम्हाला फार उशिरा सांगितलं. रडता रडता तिने निक्षून सांगितलं, "आता येल ते स्थळ मोडलं, तं ही ट्रंक भंगारवाल्याला. आनि मी पुन्ना तुझ्यासाठी कोनाच्या दारात जायची नाय." दुसऱ्या दिवशी ट्रंक माझ्या स्टुडिओत आली. उजव्या तेवढा पंढरीच्या खिशात राहिला.

उजव्याचे गुडघे वळायला लागले होते, इतके की तो आता उभाच राहीना.

०

मधेच एक पुढच्या काळातला सांगतो, नाहीतर देसले सर म्हणतील मला विसरलास.

सर रिटायर झाले आणि त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी एका गुडघ्यात नवा सांधा बसवला. आम्ही तिघे त्यांना बघायला गेलो. ज्या माणसाने आयुष्यभर सांध्यांची टिंगल केली, तो पाय लांब करून खाटेवर पडलेला. मी आणि जना तोंड दाबून बसलो. पंढरीला राहवेना.

"सर, आता तुमी आमच्या पार्टीत."

सरांनी पाय सावकाश वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला.

"हो," ते म्हणाले, "पण माझा कंपनीचा आहे. तुझ्यासारखा कॉपी माल नाही."

०

तर उजव्याचे ढिले गुडघे. कल्याणच्या एका खेळणीवाल्याने पंढरीला उपाय सांगितला होता. सांध्यात नेलपॉलिशचा थेंब सोडायचा, वाळू द्यायचा, सांधा घट्ट होतो. उपाय अगदी खरा आहे, मी स्वतः करून बघितलाय. पण बिनलग्नाच्या बाप्याने शहापुरात नेलपॉलिश विकत घेणं म्हणजे काय, ते त्या खेळणीवाल्याला माहीत नसावं.

पंढरी कासाराच्या दुकानात गेला. आत बांगड्या भरणाऱ्या बायकांची गर्दी. कासारणीने विचारलं, "कुठला रंग देऊ?"

"कुठलाबी द्या. घट्ट बसलं पाहिजे."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कासारणीने बाटल्या काढल्या. एक बाई हातात अर्धा चुडा घेऊन तशीच म्हणाली, "आधी तिचा रंग कसा हाय ते सांग. गोरी का सावळी?"

पंढरीने खरं तेच सांगितलं. "गुलाबी हाय. जरा पिवळट."

त्याने लालभडक बाटली घेतली आणि तो बाहेर पडला. ती अर्धा चुडा घातलेली बाई सापगावची होती. वैशाखऱ्याची सुरेखा तिची सख्खी भाची. आणि त्याच आठवड्यात जनाने आपल्या गावातलं एक स्थळ पंढरीसाठी काढलं होतं. कुणाचं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

०

वैशाखऱ्याला मुलगी बघायला आम्ही जनाच्या जीपमधून गेलो. काकी, पंढरीची आत्या, मी आणि देसले सर. शिक्षक माणूस बरोबर असला की वजन पडतं म्हणून सर. काकीने वाटेत पंढरीला एकच सांगितलं, "मांडी घालून गप बस. हलू नको."

पंढरी ओटीवरच्या सतरंजीवर जो बसला तो हललाच नाही. समोर सुरेखाचे वडील, मामा आणि ती सापगावची मावशी. पोहे झाले. नाव, शिक्षण, स्वयंपाक झाला. मग आत्याने रीतीप्रमाणे म्हटलं, "जरा चालून दाखव गो बाय."

सुरेखा उठली, दारापर्यंत गेली, परत आली, बसली. तिच्या कपाळावर एक आठी आली ती मी बघितली. फोटोवाल्याला चेहरे दिसतात.

मग मामा खाकरले. "आमचं बी एक इचारायचं हाय. नेलपालिश कोनासाठी घेतली व्हती?"

काकीला ही बाटलीची भानगड माहीतच नव्हती. ती पंढरीकडे बघायला लागली, आणि तिचं तोंड उतरत गेलेलं मला बघवेना. खरं सांगावं तर बाहुल्या, न सांगावं तर दुसरी बाई. पंढरीला बहीणही नव्हती.

जना मदतीला धावला. "माझ्या बायकोसाठी मागवली व्हती मी."

"तू कधी लगीन केलंस रे?" मावशी म्हणाली. जना तिथलाच, सगळं गाव त्याला ओळखणारं. तो जीप बघून येतो म्हणून उठून गेला.

मग पंढरीने खिशात हात घातला आणि उजव्याला काढून सतरंजीवर ठेवला. गुडघ्यांवर लालभडक नेलपॉलिश.

"ह्याच्यासाठी," पंढरी म्हणाला. "गुडघ्यात ढिला व्हता. उभा नव्हता राहत."

मावशीने वाकून बघितलं. "रंग तं तोच हाय."

काकीने पदर तोंडाला लावला. देसले सर छताकडे बघत होते. मामांनी उजव्याला उचललं, पालथा केला, सुलटा केला, काही न सुचून मेहुण्यांकडे दिला. त्यांनी मावशीकडे दिला. मावशीने सुरेखाकडे.

सुरेखाने त्याची मान वळवली. कोपर वाकवलं, सरळ केलं. कंबर फिरवली. दोन्ही हात शेजारी शेजारी धरून बघितले आणि जरा हसली. मग गुडघे दाबून बघितले आणि त्याला पोह्यांच्या रिकाम्या बशीत उभा केला. तो उभा राहिला. तेवढ्यानेही पंढरीचा चेहरा उजळला.

तिने मान वर करून पंढरीकडे बघितलं.

"आता तुमी चालून दाखवा."

"अगो, बाप्याला कोन चालायला सांगतं?" आत्या म्हणाली. पण पंढरी उठला होता. इतका वेळ मांडी घालून बसलेला, दोन्ही पायांना मुंग्या. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि गुडघा दुमडून बशांमध्ये आडवा झाला. उजव्या उडून सुरेखाच्या मांडीवर पडला.

कुणी हसलं नाही. कुणाला हिंमतच झाली नाही. मामांनी पंढरीला दंडाला धरून बसवलं, आणि मग भाचीकडे वळले.

"काय गो? काय सांगू ह्या लोकांना?"

सुरेखाने उजव्याच्या अंगावरचा पोह्याचा दाणा बोटाने काढला.

"गुडघ्यात ढिला हाय," ती म्हणाली. "पन नेलपालिश हाय ना घरात."