पालथं सूप

आमच्या प्लॉटांमध्ये असं एकही घर नाही, जिथलं बीळ भाईदास आबांनी बुजवलेलं नाही. भडगावच्या बाहेर, गिरणेच्या अंगाला, पूर्वी ज्वारीचं शेत होतं तिथे हे प्लॉट पाडलेत. तीन बाजूंनी अजून शेतंच आहेत. ज्वारी निघाली की शेतातले सगळे उंदीर बिऱ्हाड घेऊन आमच्याकडे राहायला येतात. घुशींचं तर विचारूच नका, पाईपाच्या कडेने पोखरत पोखरत बाथरूमची फरशी वर आणतात. आम्ही घर बांधलं त्याच वर्षी एका मेलीने माझ्या शिलाई मशीनचा पट्टा कुरतडला. मी ओट्यावर उभी राहून अख्ख्या उंदीर जातीचा उद्धार करत होते, तेव्हा रस्त्याने जाणारा एक सडपातळ म्हातारा थांबला. धोतर, बंडी, हातात लोखंडी सळई, आणि मागे एका कानाचा तुकडा गेलेली भुरकट कुत्री.

"नाव नको लेवू, बाई," ते म्हणाले. "मामा बठ्ठं ऐकस."

मामा म्हणजे उंदीर, आणि तो सगळं ऐकतो. मला हसू आलं, पण आबा हसले नाहीत. त्यांनी घराला एक चक्कर मारली, सात बिळं दाखवली, सगळ्यांत कागदाचे बोळे कोंबले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर दोनच बोळे बाहेर पडलेले. "ह्या दोनच चालू शेत," म्हणाले. एका बिळात बादलीभर पाणी ओतलं, दुसऱ्याच्या तोंडाशी कुत्री बसवली. तिचं नाव भुरी. पुढच्या पाच मिनिटांत जे झालं ते मी सांगत नाही, पण मशीनचा पट्टा खाणारी पुन्हा काही खायला उरली नाही. मग आबांनी काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून दोन्ही बिळं बंद केली, अंगणातल्या कापसाच्या पऱ्हाट्या जमिनीवरून उचलून दगडांवर रचायला लावल्या आणि कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं उघडं ठेवल्याबद्दल मला चांगलं फैलावर घेतलं. आमची ओळख अशी झाली.

तीस वर्षं ते एका जिनिंगमध्ये रखवालदार होते. कापसाच्या गंजींमध्ये उंदीर कसा राहतो, कुठून येतो, कुठून पळतो, हे त्यांना तिथेच कळलं. बायको गेली, दोन्ही मुलं सुरतेला. मुलं बोलवायची, पण आबा म्हणायचे, "तठे भुरीले कोठे ठेवू?" त्यांचं सगळं बोलणं तिच्यापाशीच येऊन थांबायचं. कामाचे पैसे कधी घेतले नाहीत. चहा घ्यायचे, तोही अर्धा कप चालायचा नाही. बशीत ओतून सावकाश प्यायचे आणि बशीतला शेवटचा घोट भुरीपुढे धरायचे. बशी मी वेगळी ठेवली होती, कुणाला सांगितलं नव्हतं.

उंदराच्या औषधाचा त्यांना राग होता, पण टाकू नका असं ते कुणाला म्हणत नसत. कामाधंद्याची माणसं, किती दिवस पिंजरे लावत बसणार? फक्त त्यांची एक अट होती. औषध टाकायचं तर तोंडाने बोलायचं नाही, कारण मामा ऐकतो. पण ओट्यावर सूप पालथं घालून ठेवायचं. पालथं सूप दिसलं की शेजारच्यांनी कोंबड्या कोंडायच्या, शेळी बांधायची, कुत्रं आवरायचं. हा नियम आबांनीच घातला आणि आमच्या गल्लीने तो पाळला. चार घरं सोडून राहणारा पितांबर, ज्याचं कुणाशी पटत नाही, तोसुद्धा सूप ठेवायचा. तरीही आबा कुठल्याही दारात आले की भुरीला सोडण्याआधी एकदा विचारायचेच, "बाई, सूप शे का?" ओटा डोळ्यांसमोर रिकामा असला तरी विचारायचे.

आता माघातली गोष्ट. त्या वर्षी गल्लीतल्या सगळ्यांनी कापूस संक्रांतीच्या आत विकून टाकला. आमच्या ह्यांनी, म्हणजे प्रेमरावांनी (कागदावर प्रेमराज), भाव वाढेल म्हणून ठेवला. आमची मागची खोली छतापर्यंत कापसाने भरलेली. घरभर खाज, आणि कापसात उंदरांची जत्रा. आबा म्हणाले होते, एक दिवस कापूस एका बाजूला करा, मी आणि भुरी सगळे काढतो. ह्यांना सवड होईल तर शपथ! तेवढ्यात निरोप आला की रविवारी धुळ्याचे पाहुणे मेघाला बघायला येणार. मेघा आमची एकुलती एक. मी आबांना म्हटलं, पाहुणे जाऊ द्या, सोमवारी या. ते बरं म्हणाले.

पाहुणे आले, कांदेपोहे झाले, मुलगी पसंत पडली. होणाऱ्या सासूबाईंनी मेघाच्या हातात नारळ दिला तेव्हा माझे डोळे भरून आले. चारच्या सुमारास ते गेले आणि पाठोपाठ आबा आले. त्यांना राहवत नव्हतं.

"जमनं का?"

"जमलं आबा!"

"बाई, सूप शे का?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

"आज कुठलं सूप, आबा? सोडा तिला. तिच्यासाठी पोहे ठेवलेत."

भुरी घरात गेली. तिला घर पाठ होतं. आम्ही ओट्यावर चहा घेत बसलो, मी पाहुण्यांच्या नकला करत होते, आबा हसत होते. थोड्या वेळाने भुरी बाहेर आली, बशीतला घोट प्याली आणि दोघं गेले.

दिवेलागणीच्या आधी पितांबरची बायको धावत सांगत आली की भुरी आबांच्या अंगणात तडफडतेय. मी आणि हे दोघंही पळालो. जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला, तो दुसऱ्या गावी गेलेला. आबा तिला मांडीवर घेऊन तोंड पुसत होते, पाणी पाजायचा प्रयत्न करत होते. ती गेल्यावरही बराच वेळ पुसतच राहिले.

मग त्यांनी मान वर करून मला विचारलं, "ज्योती बाई, तुना घरमा काही व्हतं का?"

बाई गं! "नाही हो आबा. मेघाची शपथ. आमच्याकडे असतं तर मी सूप ठेवलं नसतं का?"

आबा माझ्याकडे बघत राहिले. हे माझ्या शेजारी उभे होते. तेच म्हणाले, "पितांबरकडचं असेल. भुरी त्याच्या कोंबड्यांमागे लागते, त्याचा डोळाच होता तिच्यावर." मला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या टाकीवर मी पितांबरच्या नावाने जो शंख केला, तो आज आठवला तरी अंग चोरावंसं वाटतं.

आबांनी भुरीला लिंबाखाली पुरलं. येणं मात्र थांबवलं नाही. फाल्गुनात न्हाणीजवळ नवीन बीळ दिसलं, ते त्यांनीच बुजवलं. मी चहा ठेवायला उठले की म्हणायचे, "नको बाई, पोटले बरं नही." मला वाटायचं, दुःख आहे, चहा बघितला की भुरी आठवत असेल. पण एकदा मी त्यांना पितांबरच्या ओट्यावर बशीत चहा पिताना बघितलं. रागच आला मला. किती भोळा माणूस, ज्याने घात केला त्याच्याच दारात बसतो, असं मी मेघाला म्हटलंसुद्धा.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी कापूस विकला. गाडी दारात लागली, हमालांनी खोली रिकामी केली. हे गाडीबरोबर गेले आणि मी केरसुणी घेऊन आत गेले. कोपऱ्यात, भिंतीला लागून, वर्तमानपत्राचा कागद पसरलेला होता. त्यावर कणकेच्या गोळ्या, गुळाने काळ्या पडलेल्या. काही जागच्या जागी, काही खाल्लेल्या. बाजूला दोन उंदीर, वाळून खडखडीत झालेले. कागद मी उचलून तारीख बघितली. पाहुणे आले त्याच्या आदल्या दिवसाचा, शनिवारचा पेपर.

मी तिथेच खाली बसले.

हे परत आले तेव्हा मी कागद त्यांच्यापुढे टाकला. माणसाने निदान घाबरावं! यांनी आधी दार लावून घेतलं.

"आता हे उकरून काय मिळणार?" म्हणाले. "पाहुणे येणार आणि घरभर उंदीर नाचणार? आणि सूप ठेवलं असतं तर दारात पाय ठेवतानाच त्यांना दिसलं असतं. कुणी विचारलं असतं, हे काय, तर काय सांगितलं असतं मी? मेघाचं जमायला हवं होतं की नाही?"

"पाहुणे गेल्यावर तरी सांगायचं होतं! आबा दारात आले, मी त्यांच्या कुत्रीला स्वतः आत सोडलं!"

"मी दुकानावर गेलो होतो तेव्हा."

"आणि तिथे? अंगणात? मी पोटच्या पोरीची शपथ खाल्ली, तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात!"

तर हा माणूस काय म्हणाला, ऐका. "तुला माहीत नव्हतं ना? मग तुझी शपथ खोटी कुठे झाली? म्हणून तर तुला सांगितलं नाही."

बावीस वर्षांचा संसार. मी या माणसाच्या हातचं पाणी डोळे झाकून प्यायले असते. आणि याने माझा खरेपणा आपल्या पापावर झाकण म्हणून वापरला, वर मला हिशोब समजावून सांगतो की माझं काहीच बिघडलं नाही. पितांबरचं नावही यानेच माझ्या तोंडात घातलं. मी त्या दिवशी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी घसा बसला.

मग मी खोली झाडली, धुतली, गोळ्या आणि उंदीर खड्डा करून पुरले. सूप काढलं आणि भर दुपारी ओट्यावर पालथं घातलं. "वेडी झालीस का?" हे आतून म्हणाले. मी वळूनही बघितलं नाही. चार वाजेपर्यंत सुपाशेजारी बसून राहिले.

आबा आले. सुरतेच्या मुलाने पाठवलेल्या पैशातून घेतलेलं कुत्र्याचं नवं पिल्लू बरोबर होतं, जेमतेम दोन महिन्यांचं. सूप बघून ते रस्त्यातच थांबले.

"आबा," मी म्हटलं, "भुरीने खाल्लं ते औषध आमच्याच घरात होतं. ह्यांनी टाकलं. सूप ठेवलं नाही. मला आज कळलं."

मला वाटलं होतं, ते ओरडतील, सळई आपटतील. ते हळूच म्हणाले, "माले माहीत व्हतं, बाई."

"कधीपासून?"

"तेच दिनपासून. तिना तोंडले कापूस व्हता. मी तोच पुसत व्हतू. गल्लीमा कापूस फक्त तुनाच घरमा व्हता."

तीन महिने. न्हाणीजवळचं बीळ बुजवताना, नको म्हणून चहा परत करताना, त्यांना सगळं माहीत होतं. "मग मला बोलला का नाहीत, आबा?"

"काय बोलू? तू पोरनी शपथ लिधी. आनि खोटं बोलनी, आसं वाटनं माले." त्यांनी डोळे पुसले. "भुरी गयी, ते एक. पन तू आसं करशी, हाई माले बठ्ठ्यास्तून जास्त लागनं."

मी त्यांच्या पायांशी बसून रडले. मला माहीत नव्हतं आबा, मला खरंच माहीत नव्हतं, एवढंच म्हणत राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आते समजनं," म्हणाले. "तुना काही दोष नही, माय. चहा ठेव."

मी पळतच आत गेले. पूर्ण कप केला, तीच बशी काढली. बाहेर येऊन सूप सरळ करून भिंतीला टेकवलं आणि म्हटलं, "घर धुऊन काढलंय आबा. आता काही नाही. सोडा त्याला, खेळू दे."

आबा वाकले, पिल्लू उचलून मांडीवर घेतलं. चहा संपेपर्यंत एक हात त्याच्या पोटाभोवती तसाच होता. ते दाराकडे झेपावत होतं, आबा त्याला मागे ओढत होते. बशीतला शेवटचा घोट त्यांनी स्वतःच प्यायला.

पितांबरची माफी मी दुसऱ्याच दिवशी टाकीवर सगळ्यांसमोर मागितली. मेघाचं लग्न वैशाखात झालं, आबा अक्षता टाकायला आले होते. आजही आठवड्यातून दोनदा येतात, चहा पितात, बिळं बघतात. पिल्लू आता मोठं झालंय, पितांबरच्या अंगणात मोकळं फिरतं. आमच्या ओट्यावर मात्र ते मांडीवर नाहीतर दोरीला असतं. आणि सूप आहे का, हे आबा मला आता विचारत नाहीत.