मुकी बटणं

लोणी देवकरच्या कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर होते. मला जन्मापासून दिसत नाही, पण जुन्या बोर्डावर माझं काही अडत नसे. फोन आला की त्या लाइनची पट्टी खट्कन पडायची आणि बोट बरोबर तिथं जायचं. नव्व्याण्णवच्या सुमारास साहेबांनी तो बोर्ड काढून कॉम्प्युटर बसवला. शनिवारी ते स्वतः माझं काम बघणार होते. जमलं तर खुर्ची माझी, नाहीतर परत घरी, कळसला.

पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम मी पुण्यात शिकले होते. तो लावला, तर कानात एकदा "विंडो" आलं आणि पुढं सगळं चिडीचूप. कॉम्प्युटर बसवणाऱ्या बारामतीच्या इंजिनियरनं पडद्यावरची लाइनची बटणं स्वतः रंगवून काढली होती. मोकळी लाइन हिरवी, होल्डवरची तांबडी. दिसायला झकास, असं सगळे म्हणत. माझ्या प्रोग्रॅमला मात्र ते नुसतं एक चित्र होतं, त्यात बटणं आहेत याचा त्याला पत्ताच नव्हता.

"ताई, हितं दाबा," म्हणत इंजिनियरनं माझा हात धरून माउसवर नेला. आंधळ्याला मदत म्हणजे हात धरायचा, हे आपल्याकडं अंगात मुरलेलं. माझं डोकंच फिरलं.

"हात नगा धरू. तुमच्या बटणांना आधी तोंड द्या!"

माणूस चांगला होता, रागावला नाही. त्यानं एकेका बटणाला नाव जोडलं आणि कीबोर्डवरून एकावरून दुसऱ्यावर जायची सोय केली. "लाइन एक, बटण. लाइन दोन, बटण." मी हरखून गेले.

शनिवारी साहेब पाठीशी उभे राहिले आणि दोन फोन एकदम आले. एक होल्डवर ठेवून मी दुसरा जोडला. मग पहिला घ्यायला गेले, तर होल्डवर कोणती लाइन ते आवाज सांगेना. बटणांना नावं मिळाली होती, रंग मात्र अजून डोळसांपुरताच होता. मी कीबोर्ड नुसताच चाचपत राहिले. इंजिनियरला राहवेना, त्यानं माझं बोट धरून कळीवर नेलं.

"तुम्ही हात लावू नका!" साहेब त्याच्यावर कडाडले. तोवर पलीकडच्यानं फोन ठेवून दिला होता.

"साहेब, चूक माझ्या बटणांची हाय," इंजिनियर म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीएवढा वेळ द्या."

सुट्टीभर तो टाइप करत होता. मी शेजारी बसून होते, डबा उघडलाच नाही. हे फसलं तर घरी काय सांगायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

साहेब परत आले. पुन्हा दोन फोन. "लाइन तीन, बटण, होल्ड." मी कळ दाबली आणि फोन जोडला गेला. मग आणखी एक जोडला, आणखी एक.

"वा! आता जमलं की तुम्हाला," साहेब म्हणाले.

गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसेन ती मी कसली?

"मला पयल्यापास्नं जमत हुतं, साहेब. आज जमलं ते तुमच्या कॉम्प्युटरला."

गेली नोकरी, मी मनात म्हटलं.

"फोन वाजतोय," साहेब म्हणाले, "घ्या की."