तहकूब सभा

"कोरम भरला का हो?" असं विचारतच ते फाटकातून आत यायचे. डोक्यावर टोपी, हातात पाण्याची कळशी. समोर माणूस एकही नसायचा. असायच्या त्या लिंबावरच्या चिमण्या, बुलबुल आणि भांडकुदळ साळुंक्या.

बीडमधलं आमचं पक्षीकेंद्र एका बंद पडलेल्या दूध सोसायटीच्या आवारात होतं. हे त्या सोसायटीचे शेवटचे चेअरमन. सोसायटी गेली, चेअरमन तेवढे राहिले! मी वडवणी-शिरूरकडून आलेल्या शाळांच्या मुलांना पक्षी दाखवत असायची, आणि हे मध्येच, "पोरांनो, हळू बोला. सभासद पाणी प्यायलेत." झालं, मुलं खिदळायची आणि माझं सगळं मुसळ केरात.

मी रागावले की म्हणायचे, "कावून चिडता, ताई? तुमालाबी सभासद करून घेतो."

त्यांनी मातीचं पसरट परळ भरलं की पाखरं उतरायची. कमी आली तर ते गंभीरपणे जाहीर करत, "कोरम न्हाई. सभा तहकूब. अर्ध्या तासानं, ह्याच जागी." सहकारातला नियमच तो. तहकूब सभेला मग कोरम लागत नाही, एक सभासद आला तरी पुरतो.

पुढे दुष्काळ पडला. टँकर कधीतरी यायचा. पाखरं कुठं गेली कोण जाणे. चेअरमन घरच्या पाण्यातली कळशी आणत, परळ भरत आणि दगडावर बसून पांढऱ्या आभाळाकडे बघत राहत. आवारात ऊन तळ्यासारखं साचायचं, आणि आम्ही दोघं त्याच्या तळाशी.

"आता नाही येत कुणी," एकदा मी करवादले.

"डेअरीच्या शेवटच्या सभेलाबी कुणी आलं न्हाई, ताई. गुरं विकून समदी ऊसतोडीला गेलती. अर्धा तास बसलो, अन् एकट्यानंच बंदचा ठराव केला. लई वंगाळ वाटलं. आता एकट्यानं सभा न्हाई घ्यायची."

त्यानंतर मी त्यांना कधी टोकलं नाही.

त्याच उन्हाळ्यात ते गेले. परतलेलं एकही पाखरू त्यांनी पाहिलं नाही.

काही दिवसांनी मीच कळशी उचलली. परळ भरलं. चिटपाखरू नाही. आणि अगं बाई, माझ्याच तोंडून निघालं, "सभा तहकूब. अर्ध्या तासानं, ह्याच जागी."

त्यांच्या दगडावर बसले. उन्हानं डोळा लागला असावा. पाणी हलल्याचा बारीक आवाज झाला म्हणून पाहिलं, तर परळाच्या काठावर एक साळुंकी. चोच बुडवायची, मान वर करायची.

मी जागची हलले नाही.

"या," मी हळूच म्हणाले. "चेअरमन, सभा सुरू करा."