पाटावरचा रविवारचा साहेब

धुळ्याहून माझी भडगावला बदली झाली तेव्हा टेम्पोत सगळ्यात वर एक जाड टायरची, एकवीस गिअरची सायकल बांधलेली होती. बायकोच्या मते ती सोडून बाकी सगळं सामान कामाचं होतं. मी कॉलेजात कारकून. खिडकीच्या आत बसून बोनाफाईड आणि दाखले द्यायचे, आणि 'उद्या या' हे वाक्य दिवसातून चाळीस वेळा म्हणायचं. असा माणूस रविवारी खुंटा तोडून पळणारच.

धुळ्यात लळिंगच्या टेकाडांवर चढून-उतरून माझे गुडघे तयार झाले होते. भडगावात मला पाट सापडला. गिरणेच्या पाण्याचा एक फाटा गावाबाहेरून निघून आठ-नऊ किलोमीटर जातो आणि त्याच्या मातीच्या भरावावरून एक अरुंद वाट त्याला सोबत करते. एका बाजूला केळी, मका, गहू. दुसऱ्या बाजूला खालीवर होत जाणारा माळ, बाभळी आणि बेशरमाची झुडपं. बाभळीचा काटा लागला नाही असा रविवार मला आठवत नाही. पण त्या वाटेवर माझ्या खिडकीसमोर उभं राहणारं कोणी भेटत नसे, हे सुख पंक्चरपेक्षा मोठं होतं.

थंडीत पाटाला पाणी सुटलं आणि गंमत सुरू झाली.

माझा अवतार असा असे : डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा, हातमोजे, हँडलला अडकवलेला मोबाईल. खाली काळी तंग चड्डी, जिच्याविषयी बायकोनं जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. मी मधूनमधून थांबून खंड्या पक्ष्याचे फोटो काढत असे. एका रविवारी फोटो काढून मान वर केली, तर पलीकडे दोघेजण पाटातून एक भलामोठा काळा पाइप घाईघाईनं ओढून काढत होते. अर्धा किलोमीटर पुढे आणखी एक चोरीचा पाइप उसात शिरताना दिसला. मी कोणाला काही बोललो नव्हतो. खाई त्याला खवखवे.

पहिल्याच वळणावर एका भाऊंचं केळीचं शेत होतं. चाळिशीचा, जाड मिशांचा, हसरा गडी. त्यांचा पाइप सगळ्यात जाड, त्यामुळे काढायला सगळ्यात उशीर. मी समोर उभा राहिलो तेव्हा तो निम्मा पाण्यात होता.

"हाई पाइप आमना नई शे, साहेब," भाऊ म्हणाले. "वाहीसन उना."

पाइप वाहत आला, तोही प्रवाहाच्या उलट्या दिशेनं केळीत चढून. मला हसू आवरेना, म्हणून मी चष्मा न काढता नुसतं "हं" म्हटलं. त्या एका 'हं'नं मी पाटबंधारे खात्याचा साहेब झालो. भाऊंनी बाज टाकली, कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत आणलं. मी साहेब नाही, हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्यात भरीत गेलं. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. खा अजून." मी खाल्लं. तीन रविवार खाल्लं.

पाटाच्या पार शेवटी एक आबा भेटायचे. सत्तरीचे, अंगानं काटकुळे, दोन बिघे गहू. तिथे पाट म्हणजे भेगाळलेला खड्डा. पहिल्या दिवशी त्यांनी गोणपाट अंथरलं आणि ओशाळून म्हणाले, "पाय धोवाले पानी नई शे, भाऊ. तसाच बठ." आमच्याकडे आलेल्याला आधी पाय धुवायला पाणी देतात, मग बाकीचं. त्या म्हाताऱ्याला ते जमत नव्हतं, आणि त्याची लाज त्याला वाटत होती, पाइप टाकणाऱ्यांना नाही.

तिसऱ्या रविवारी आबा गमतीनं म्हणाले, "बठ्ठा वार देवना, पन पानी रईवारनंच. दुपारले येस, रातले जास." म्हणजे सगळे वार देवाचे, पण पाणी तेवढं रविवारचं.

मी त्या दिवशी मुद्दाम थांबलो. दोनच्या सुमाराला भेगांतून आधी मुंग्या पळाल्या, मग काटक्या आणि पालापाचोळा ढकलत पाणी आलं. ते माझ्या मागून आलं होतं. सकाळी माझ्या धाकानं निघालेले पाइप मी परत जाईपर्यंत बाहेर राहत, आणि तेवढं पाणी शेवटाला पोचे. आयुष्यात मी कितीतरी दाखले दिले, पण माझ्यामुळे कुणाचं काही भिजलं ते पहिल्यांदाच. मला फार आनंद झाला. इतका, की मी आणखी रुबाबात 'हं' म्हणू लागलो.

मग एका मंगळवारी खिडकीसमोर लेकीचा दाखला मागायला भाऊ उभे राहिले. मी सवयीनं "उद्या या" म्हणून मान वर केली.

"साहेब?" भाऊ म्हणाले.

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "साहेब कोठला? कारकून शे तो."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला तर तिन्ही रविवारचं भरीत एकदम आठवलं. हसत दाखला घेऊन गेले. दाखला मात्र मी त्याच दिवशी दिला.

पुढच्या रविवारी पाटावर एकही पाइप हलला नाही. "ओ कारकून, फोटो काढा ना!" अशा हाका दोन्ही बाजूंनी आल्या. शेवटाला आबा फावडं घेऊन कोरड्या पाटाकडे बघत बसले होते. मी गोणपाटावर बसून सगळं कबूल केलं.

"माले मालूम व्हतं," आबा म्हणाले. "साहेब असा कपडा घालस का?" मग दाणा भरत आलेल्या गव्हाकडे बघून म्हणाले, "दाना भराई राहिना. एक पानी जोयजे. एकच."

मला राग आला. आधी स्वतःचा, मग भाऊंचा; स्वतःचा फार वेळ टिकत नाही. मी तसाच उलटा पळालो आणि भाऊंच्या बांधावर सायकल आपटली. म्हटलं, खऱ्या साहेबाला भिता, मग खऱ्या पिकाला का नाही?

भाऊ शांतपणे म्हणाले, "खरा साहेबले कोन भीस? त्यानी जीप कोसभरथून दिखस, धूळ उडस. पाइप काढाले टाइम भेटस. तुमनी सायकल वाजत नई, म्हनीसन रईवारभर काढी ठेवूत." मग सायकलीवरून हात फिरवत म्हणाले, "माले एक चक्कर मारू द्या."

त्यांचा डोळा पहिल्या दिवसापासून सायकलीवर होता, हे मला तेव्हा कळलं.

"चक्कर नाही," मी म्हटलं. "मारायची तर पाटाच्या शेवटापर्यंत."

"शेवट? तठे काय शे?"

जन्म पाटाच्या काठी गेला, पण हा माणूस शेवटाला कधी गेला नव्हता. वरच्यांना खाली जायचं काम पडतच नाही. त्यांनी माझं हेल्मेट घातलं, पायजमा पोटरीपर्यंत वळला आणि निघाले. मागून मी त्यांच्या दुधाच्या किटल्यांच्या काळ्या सायकलीवर, खडखडत. चढावर त्यांनी चुकीचा गिअर टाकला आणि दोनदा बेशरमात गेले. सहाव्या किलोमीटरला पाटातलं पाणी संपलं. तिथून पुढे भाऊंचं हसणंही कमी झालं.

आबांनी गोणपाट झटकलं. त्यांना माहीत होतं हे कोण आहेत. जाड पाइपवाल्याला सगळा पाट ओळखतो. तरी ते एवढंच म्हणाले, "पाय धोवाले पानी नई शे, भाऊ. तसाच बठ."

भाऊ बसले नाहीत. त्यांनी गव्हाची एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली. भुसा उडाला आणि हातात चारदोन चिमलेले दाणे राहिले. शेतकऱ्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. त्यांनी दाणे खिशात टाकले आणि सायकलीवर बसले.

परतीला ते प्रत्येक पाइपाशी थांबले. "काढ रे! साहेब उना!"

"कोन साहेब?"

"मी!"

त्यांना 'वाहीसन उना' सांगायची कोणाची छाती नव्हती. ते वाक्य त्यांचंच होतं. शेवटी त्यांनी स्वतःचा पाइप काढला. मग खाटेवर बसून म्हणाले, पाइप मी बुधवारपर्यंत बाहेर ठेवीन, पण ही सायकल तोवर माझ्याकडे राहील. घरी बायको म्हणाली, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या." मी म्हटलं, किल्ल्या चालतायत ना, मग झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजाआधी मी किटल्यांची सायकल घेऊन निघालो. वाटेत बांधावरची माणसं ओरडत होती, "साहेब पुढे ग्या, कारकून मांगे उना!" हुद्दा तोच, पण या वेळी त्या हाकेत टोमणा नव्हता.

शेवटाला पोचलो तेव्हा भाऊ हेल्मेट काढून बांधावर उभे होते. आबा गव्हात घोट्याभर पाण्यात उभे राहून फावड्यानं वाफा फोडत होते. मला बघताच त्यांनी भरून वाहणाऱ्या पाटाकडे बोट केलं. आवाज मोठा, जणू वाडाभर पाहुणे आलेत.

"पाय धोवा, कारकून. मंग बठा."

आम्ही दोघांनी पाय धुतले. पाणी गढूळ आणि गार होतं, आणि भाऊंनी जरा जास्तच वेळ धुतले. मी कॉलेजात तासभर उशिरा पोचलो. धुऊनही पायाला घोट्यापर्यंत चिखल होता, आणि खिडकीबाहेरच्या रांगेतून तो कोणालाच दिसत नाही याचं मला दिवसभर वाईट वाटत राहिलं.